तरत्या आणि बुडक्या

ढीग कोणाचा, हा प्रश्न गल्लीत पूर्वी कोणाला पडलाच नव्हता. खाणीतून दगड निघायचा, तो दळून त्यातला धातू काढून घ्यायचे आणि उरलेला करडा, पिठासारखा बारीक गाळ गल्लीच्या डोक्यावर नेऊन ओतायचे. ओतून ओतून तिथे टेकडी झाली. वारा सुटला की वाळत घातलेले कपडे करडे, पाऊस पडला की गटार करडं, शिंक आली तर रुमालही करडा. लोक ढिगाला रोज शिव्या घालायचे. शिव्या घालायला मालकाचं नाव कशाला लागतं?

मालक कोण हे विचारायची वेळ आली ती ढीग घसरल्यावर. एकदा पाऊस असा लागला की थांबायचं नावच घेईना, आणि एका दुपारी टेकडीची एक बाजू सुटून गल्लीच्या वरच्या टोकाच्या घरांवर आली. माणसं आरडाओरडा ऐकून वेळेवर बाहेर पडली होती. गल्लीतल्या भट्टीवालीचा नवराही बाहेर पडला होता. पण शेजाऱ्यांच्या घरात कोणी अडकलंय की काय, एवढं बघायला तो परत गेला. आत कोणीच नव्हतं, आणि तो मात्र बाहेर आला नाही.

पुढे पालिकेच्या सभागृहात कंपनीचे साहेब उभे राहिले. चांगल्या घरचे, मऊ आवाजाचे गृहस्थ. त्यांनी सांगितलं की झाल्या गोष्टीचं कंपनीला अतोनात दुःख आहे, पण ढीग काही कंपनीचा नाही. कंपनीने खाण विकत घेतली तेव्हा ढीग तिथे आधीपासून होता. तो जुन्या मालकांनी टाकलेला, आणि जुने मालक आता या जगात नाहीत. थोडक्यात, ढीग बेवारस आहे.

भट्टीवाली त्या दिवशी सभागृहात मागच्या बाकावर सासूशेजारी बसली होती. बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात तिने अर्धं आयुष्य भट्टी सांभाळली होती, म्हणून तिला सगळे भट्टीवाली म्हणत. ज्यांचा तिच्याशी कधी वाद झाला होता ते म्हणायचे, नाव कामावरून नाही, तोंडावरून पडलंय. ती उठली.

"बेवारस आहे ना?" ती म्हणाली. "मग आजपासून मी वारस. उद्या सकाळी फावडं घेऊन जाते. ज्याला अडवायचं असेल त्याने लवकर उठावं."

लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. साहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "खुशाल घेऊन जा ताई, सगळा घेऊन जा." सभागृहात कोणीतरी हसलंसुद्धा. भट्टीवालीने ते हसू पदराला गाठ मारून ठेवलं.

आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली.

गाळाचं करायचं काय, हे तिला अगदीच अंधारात शोधावं लागलं नाही. कौलांच्या कारखान्यात माती कधी बिघडली की भट्टीत कौल फुगायचं, पावासारखं टम्म व्हायचं, आणि मुकादम शिव्या देत ते फेकून द्यायचा. तिला तेव्हापासून ठाऊक होतं की काही माती तापली की तिच्या पोटात वायू धरतो, आणि वरची साल वितळून काचेसारखी झाली की तो आत कोंडून राहतो. गाळ तसाच वागेल असं तिला वाटलं. पहिल्यांदा वागला नाही. मग तिने त्यात चिकणमाती घातली, थोडा लाकडाचा भुसा घातला, प्रमाण बदललं, पुन्हा बदललं, आणि एक दिवस भट्टीतून सुपारीएवढ्या काळपट तांबूस गोळ्या बाहेर आल्या. हातात घेतल्या तर वजनच नाही. असल्या गोळ्या खडीऐवजी काँक्रीटमध्ये घालतात, काँक्रीट हलकं होतं, हे तिला तिच्या दिराने सांगितलं. तो गवंडीकाम करायचा आणि बांधकामावर असा माल त्याने एकदा पाहिला होता, दूरवरून पोत्यांतून आलेला.

मग दीर, गल्लीतल्या चारदोन बायका आणि खाणीतून काढून टाकलेले दोन पुरुष मिळून कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये काम उभं राहिलं. भंगारात निघालेला खाणीचा एक लांब लोखंडी नळा त्यांनी आणला. भट्टीवालीने त्याला आतून भट्टीच्या विटा स्वतः लावल्या आणि तो जरा तिरका करून फिरता ठेवला. एका तोंडाने बर्नरची ज्योत आत सोडायची, दुसऱ्या तोंडाने कच्च्या गोळ्या. त्या गोळ्या वळायला माणूसभर रुंदीची तिरकी लोखंडी परात होती. ती गरगर फिरायची, एकजण वरून गाळ भुरभुरायचा, दुसरी पाणी शिंपडायची, आणि ओलं पीठ घरंगळत घरंगळत आपोआप गोल व्हायचं. गोळ्या आधी सावकाश वाळवायच्या. घाई केली तर भट्टीत फटाफट फुटतात. भट्टीवाली दिवसभर नळ्याच्या झरोक्याला डोळा लावून असायची. रंग जरा पिवळटला की गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकूळ होणार, लालच राहिला तर फुगणार नाहीत. तिच्या उजव्या भुवईचे केस कायम जळलेले असत.

शेडच्या दारात पाण्याचं एक पिंप होतं. भट्टीतून माल निघाला आणि निवला की तो टोपलीटोपलीने त्या पिंपात ओतायचा. वर राहतील त्या तरत्या. तळाला जातील त्या बुडक्या. तरत्या गाळून, वाळवून पोत्यात जायच्या. बुडक्या शेडच्या मागे फेकून दिल्या जायच्या. ही रीत भट्टीवालीने घातली होती आणि ती तिच्या डोळ्यांदेखत मोडायची कोणाची छाती नव्हती. शेड बघायला कोणी आलं की ती काही बोलायची नाही. पिंपापाशी न्यायची, मूठभर गोळ्या टाकायची आणि त्या पाण्यावर नाचायला लागल्या की पाहुण्याच्या तोंडाकडे बघायची.

दिराने एकदा भीत भीत विचारलं होतं, "वहिनी, बुडक्यांनी काय घोडं मारलंय? दगडापेक्षा तर हलक्याच आहेत."

"ज्या गाळाने तुमच्या भावाला बुडवलं," ती म्हणाली होती, "तो गाळ माझ्या हातून जाताना तरूनच जाईल. बुडणारी गोळी माझ्या पोत्यात नको."

दीर कामाला लागला आणि शेडमागचा बुडक्यांचा ढीग वाढत राहिला. गाळाच्या ढिगातून गोळ्यांचा ढीग, असं गल्लीतले टवाळ म्हणायचे, पण तिच्या मागे.

दोन पावसाळे असे गेले. ढीग नजरेत भरण्याइतका खाली आला होता. आणि मग कंपनीला नव्या खाणीसाठी रस्ता हवा झाला. नकाशावर पट्टी ठेवली तर रस्ता सरळ गल्लीतून जात होता. साहेब पुन्हा पालिकेत आले आणि मऊ आवाजात म्हणाले की त्या गल्लीची कंपनीला फार चिंता वाटते. डोक्यावर एवढा धोकादायक ढीग! उद्या पुन्हा घसरला तर? माणसांना तिथून हलवून नदीपलीकडे नव्या वसाहतीत न्यावं, खर्च कंपनी करेल. ढीग कंपनीचा नव्हता, काळजी मात्र कंपनीची होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

गल्ली ढवळून निघाली. काहींना नवं घर हवं होतं, त्यात चूक काही नाही. पण बहुतेकांचं सगळं इथेच होतं, आणि भट्टीवालीचं तर भट्टीसकट. ती अध्यक्षांकडे गेली. पालिकेचे अध्यक्ष निवडणुकीने आलेले आणि पुन्हा निवडणुकीलाच उभे राहणारे, तेव्हा दोन्ही दगडांवर पाय ठेवून चालणारे. पण त्यांची एक अडचण होती. गावातल्या शाळेवर मजला चढवायचा होता आणि शाळेच्या जुन्या भिंतींना नेहमीच्या काँक्रीटचं जड छत पेलणार नव्हतं.

"तुमच्या गोळ्यांचं काँक्रीट प्रयोगशाळेत पास झालं," अध्यक्ष म्हणाले, "तर शाळेचं छत तुमचं. मग रस्त्यांच्या पुलांना, टाक्यांना, सगळ्याला तुमचाच माल लावू. ढीग उपसायचं काम तुमच्याकडे, आणि ढीगच संपणार असेल तर गल्ली हलवायचं कारण उरत नाही. नापास झालं तर मात्र ताई, माझे हात बांधलेले आहेत."

म्हणजे सगळं एका काँक्रीटच्या ठोकळ्यावर येऊन ठेपलं. ठोकळा टिकला तर घर राहणार, फुटला तर जाणार.

भट्टीवालीने त्या ठोकळ्यांसाठी गोळ्या स्वतः वेचल्या. पिंपात टाकून नुसत्या तरणाऱ्या नव्हे, तर पाण्याला जेमतेम टेकणाऱ्या, फुंकर मारली तर पळतील अशा. तिला त्या बघून रडू आलं आणि ते तिने कोणाला दाखवलं नाही. गाळात विषारी धातू आहेत म्हणून प्रयोगशाळेने गोळ्या आधी आंबट पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. बाहेर काही आलं नाही, सालीने सगळं आत धरून ठेवलं होतं. ती पहिली परीक्षा. तिथे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ठोकळे ओतले, चार आठवडे पाण्यात मुरवले आणि मग फोडायचा दिवस आला.

प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरबाई वयाने लहान पण कामाला करड्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, "मी तुमची बाजू घेणार नाही आणि कंपनीचीही नाही. मी फक्त काट्याकडे बघणार." त्यांनी ठोकळा प्रेसमध्ये ठेवला. वरची पोलादी थाळी खाली आली, काटा हलला, चढू लागला, आणि जिथपर्यंत जायला हवा होता त्याच्या निम्म्यावर असताना ठोकळा कर्रर्र करून बसला. दुसराही तसाच, तिसराही.

कोपऱ्यात साहेब उभे होते. ते हळहळले. "वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "एवढे कष्ट केलेत तुम्ही. पण कचरा शेवटी कचराच. तुम्ही नव्या घराची आतली खोली बघून ठेवा, मोठी आहे. पुढच्या आठवड्यात सभेत ठराव होऊनच जाईल."

भट्टीवालीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. इंजिनिअरबाईंनी फुटलेला तुकडा उचलून तिच्यासमोर धरला. "बघा. सिमेंट फाटलेलं नाही. चीर गोळ्यांच्या पोटातून गेलीय. गोळ्या आत नुसत्या पोकळ आहेत. सिमेंट हरलं नाही, गोळी हरली."

हे तिला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी आली ती तडक मागच्या अंगणात गेली. सासू धुणं धूत होती. म्हातारी हाडांची काडी झाली होती, पण गोधडी धोपटायला लागली की शेजारच्या घरातली पोरं जागी व्हायची. ढीग घसरला तेव्हा तिचा जुना धुण्याचा दगड गाडला गेला होता, म्हणून दिराने तिला गोळ्यांच्या काँक्रीटचा एक लांबरुंद ओटा ओतून दिला होता. म्हातारी त्यावर सकाळ-संध्याकाळ आपला राग काढायची.

भट्टीवालीने कोपऱ्यातला घण उचलला. "आई, बाजूला व्हा."

"अगं, काय करतेस?"

"फोडते. हा गाळ घरात नको मला. एक गोळी नको. माझ्या माणसाला गिळून बसलाय आणि मी त्याचीच आरती करत बसले. व्हा बाजूला!"

सासू गोधडी घेऊन बाजूला झाली. सुनेचा हा अवतार तिने पूर्वी पाहिला होता आणि अशा वेळी शहाण्याने मध्ये पडू नये एवढं तिला कळत होतं. भट्टीवालीने घण डोक्यावर नेला आणि हाणला. ठण्णकन आवाज आला आणि घण हाताला झिणझिण्या आणत वर उडाला. ओट्यावर एक पांढरा ठिपका. तिने पुन्हा हाणला, मग पुन्हा. दातओठ खाऊन, नवऱ्याचं नाव घेऊन, साहेबांच्या मऊ आवाजाची नक्कल करत हाणला. कडेचा एक टवका उडाला. बाकी ओटा होता तसा.

ती धापा टाकत थांबली. घाम डोळ्यांत गेला होता.

"झालं?" सासू म्हणाली. "मी दोन वर्षं धोपटतेय. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, तो काही फुटत नाही."

तोवर दीर दारात येऊन उभा होता, चोरासारखा. भट्टीवाली त्याच्याकडे वळली.

"भाऊजी, यात कुठल्या गोळ्या घातल्यात?"

"तुम्ही रागवाल."

"आत्ता माझ्या हातात घण आहे. त्याहून जास्त काय रागवणार?"

"बुडक्या," दीर म्हणाला. "तुम्ही चांगल्या गोळ्यांना हात लावू देत नव्हता. खडी आणायची तर पोतंभर आणायला लागली असती. मागे एवढ्या पडल्या होत्या. रात्रभर भिजवल्या, सिमेंट घातलं, ओतून टाकलं. आईला म्हटलं, वहिनींना सांगू नकोस."

भट्टीवालीने घण खाली टाकला. उडालेला टवका तिने उचलला आणि उन्हात धरला. चीर आरपार गेली होती. अर्ध्या गोळ्या अखंड होत्या, अर्ध्या कापल्या गेल्या होत्या, आणि कापलेल्यांच्या पोटात मोठी पोकळी नव्हती, बारीक बारीक छिद्रं होती, दाट, एकमेकींना धरून. तरत्या गोळ्या फार फुगल्या होत्या. फुगता फुगता त्यांच्या अंगात काही उरलंच नव्हतं. बुडक्या बेतानेच फुगल्या होत्या. आणि दोन वर्षं ती निवडून निवडून चांगला माल फेकत होती आणि पोकळ माल पोत्यात भरत होती, केवळ तो पाण्यावर नाचतो म्हणून.

तिला स्वतःचा इतका राग आला की हसूच फुटलं. सासूला वाटलं, आता मात्र खरंच परिणाम झाला.

"भाऊजी," ती म्हणाली, "प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत पोचायचंय. गाडी काढा."

इंजिनिअरबाईंनी टवका उलटापालटा करून पाहिला, नखाने खरवडला, वजन केलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना. "नवे ठोकळे ओतले तर पिकायला चार आठवडे," त्या म्हणाल्या. "सभा पुढच्या आठवड्यात आहे."

"म्हणून तर आले. हा ओटा दोन वर्षं पिकलेला आहे."

इंजिनिअरबाईंनी टवका टेबलावर ठेवला. "उभ्या बांधकामातून नळकांड्यासारखा तुकडा कापून तपासता येतो. नियमात बसतं. पण कुठे कापायचं ते मी ठरवणार. तुम्ही नाही, तुमचे दीर नाहीत, आणि साहेबही नाहीत. फुटला तर फुटला."

"फुटला तर मी स्वतः सामान बांधते," भट्टीवाली म्हणाली. "पण कापायचा तो सगळ्यांच्या समोर."

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष आले, साहेब आले, निम्मी गल्ली भिंतीवर चढून बसली. साहेबांनी आधी हरकत घेतली की असा धुण्याचा ओटा कुठे तपासतात का. इंजिनिअरबाईंनी नियमाचा आकडा सांगितला आणि यंत्र सुरू केलं. त्यांनी जागा निवडली ती नेमकी मधोमध, जिथे म्हातारी रोज धोपटायची. सासू यंत्राकडे टक लावून होती. ओटा हे घसरणीनंतर घरात आलेलं पहिलं नवं काही होतं आणि त्याच्या मधोमध आता भोक पडत होतं. तिने सुनेचा हात धरून ठेवला, बास.

यंत्राने तीन तुकडे काढले. लोक त्या तुकड्यांमागून वरातीसारखे प्रयोगशाळेपर्यंत चालत गेले. तिथे इंजिनिअरबाईंनी तुकड्यांची तोंडं घासून सपाट केली. वजन आधी केलं. नेहमीच्या काँक्रीटपेक्षा ते बरंच कमी भरलं, शाळेच्या भिंतींना पेलेल असं. मग पहिला तुकडा प्रेसमध्ये गेला. थाळी खाली आली. काटा चढू लागला.

मागच्या वेळी जिथे ठोकळा बसला होता ती खूण आली आणि मागे पडली. भट्टीवाली काट्याकडे बघत नव्हती. ती तुकड्याकडे बघत होती, झरोक्यातून भट्टीकडे बघायची तशी. हवी होती ती खूण आली. काटा तिच्यावरून पुढे गेला, आणि आणखी पुढे गेला, आणि मग कुठे तुकड्याने तडा दिला. दुसऱ्याने आणि तिसऱ्यानेही तेच केलं.

"पास," इंजिनिअरबाई म्हणाल्या. आवाज तसाच कोरडा. "भरपूर पास. आणि बुडक्या म्हणून जो माल फेकलाय तो मला एक पोतं पाठवा, मला आणखी तपासायचाय."

दिराने भर प्रयोगशाळेत शिट्टी मारली. खिडकीबाहेर गल्ली ओरडायला लागली. अध्यक्ष, ज्यांचे हात कालपासून बांधलेले होते, ते सुटल्यासारखे टाळ्या वाजवू लागले आणि म्हणाले, सभेत ठराव आपणच मांडणार, शाळेचं छत, पूल, टाकी, सगळं.

साहेब फुटलेला तुकडा हातात घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा पडला नव्हता, उलट उजळला होता. माणूस हिशेबी. एवढा मोठा ढीग, आणि त्याला एवढं गिऱ्हाईक!

"अभिनंदन," ते म्हणाले. "उत्तम काम केलंत. आता फक्त एक गोष्ट बघायला हवी, अध्यक्षसाहेब. तो गाळ कंपनीच्या खाणीतून आलेला आहे. आजवर आम्ही माणुसकीने दुर्लक्ष केलं. पण आता तो माल झाला. ढीग कायद्याने कंपनीचा आहे, तेव्हा पुढचा व्यवहार कंपनीशी करावा लागेल. ताईंना आम्ही भट्टीवर चांगली नोकरी देऊ."

आयत्या बिळावर नागोबा! ओरडा एकदम थांबला. दिराने मुठी वळल्या. सगळ्यांनी भट्टीवालीकडे पाहिलं, की आता ही कोणाचं डोकं फोडणार. एरवी फोडलंही असतं. पण आज नाही. तिने सासूचा हात सोडला आणि साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, नीट ऐकू आलं नाही मागच्या लोकांना," ती म्हणाली. "परत सांगा. ढीग कोणाचा?"

"कंपनीचा. सांगितलं ना."

"जुन्या मालकांचा नाही?"

"ताई, खाणीबरोबर सगळंच..." आणि तिथे साहेब थांबले.

"बोला की. खाणीबरोबर ढीगही आला. तुमचाच होता. मग तो घसरला तेव्हाही तुमचाच होता. मग माझा नवरा कोणाच्या ढिगाखाली गेला, साहेब?"

प्रयोगशाळेत प्रेसच्या मोटरची घरघर तेवढी चालू होती. इंजिनिअरबाईंनी हात लांब करून तीही बंद केली.

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांना खिडकीबाहेरचे सगळे मतदार दिसत होते. ते खाकरले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एका दगडावर उभे राहिले. "उत्तर द्या साहेब. एकच द्या. त्या वेळी सभेत तुम्ही जे सांगितलंत ते खरं, की आत्ता सांगताय ते? ढीग तुमचा असेल तर गाडलेल्या घरांचं आणि गेलेल्या माणसाचं प्रकरण मला आजच पुन्हा उघडावं लागेल."

इकडे आड तिकडे विहीर. साहेबांनी तुकडा टेबलावर ठेवला, हात झटकले, रुमाल काढला, पुन्हा खिशात घातला.

"तसं काटेकोर बोलायचं तर," ते पुटपुटले, "तो बेवारस आहे."

"मोठ्याने," म्हातारी म्हणाली. सकाळपासून तिने उच्चारलेला हा पहिला शब्द होता.

"ढीग बेवारस आहे!"

भट्टीवालीला वाटलं होतं, हे ऐकून आनंद होईल. झालाही, पण त्याच्या आधी राग आला, जुना आणि जसाच्या तसा. त्या पहिल्या सभेत याच शब्दाने या माणसाने तिच्या नवऱ्याला झटकून टाकलं होतं, आणि आज सगळ्यांदेखत पुन्हा झटकलं. त्याच्या जिवाचं मोल कंपनी आता कधीच मान्य करणार नव्हती. सासूलाही ते कळलं होतं. म्हातारीचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती, आणि तिने सुनेकडे बघून ती मान एकदाच हलवली.

"ऐकलंत सगळ्यांनी?" भट्टीवाली म्हणाली. "माणूस मारला तेव्हा यांचा नव्हता. विकायला निघाले तर तेव्हाही यांचा नाही. मग आमचा. तळाच्या शेवटच्या घमेल्यापर्यंत आमचा. तुम्हीच हात जोडून म्हणाला होता साहेब, सगळा घेऊन जा. आता घेऊनच जाते. आणि तळाशी आमची जी घरं गाडलेली आहेत ना, तिथपर्यंत पोचले की तुम्हाला बोलावणं पाठवते. यायचं."

साहेब दाराकडे वळले. त्यांना वाट द्यायला लोक बाजूला झाले, ते जरा जास्तच बाजूला झाले.

भट्टीवालीने टेबलावरचा फुटका तुकडा उचलून ओटीत घातला आणि दिराकडे वळली. तो अजून शिट्टी मारायच्या विचारात होता.

"भाऊजी, बघत काय बसलात? गाडी काढा. आणि जाता जाता दारातलं ते पिंप उलटं करा. भट्टी गार होतेय."